यमाईच्या डोंगराखालचे स्वराज्य

१९३८ साल संस्थानी हिंदुस्थानासाठी धामधुमीचे होते. राजकोट, हैदराबाद, त्रावणकोर, जिकडे पाहावे तिकडे प्रजा जबाबदार राज्यपद्धती मागत होती आणि संस्थानिक लाठी, तुरुंग व हद्दपारी यांनी तिला उत्तर देत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात सातारच्या पूर्वेकडील एका लहानशा संस्थानाच्या सत्तरीला आलेल्या राजाने आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करण्याची घोषणा केली. राजवाड्याला कोणी वेढा घातला नव्हता आणि तिजोरीही रिकामी पडली नव्हती. संस्थान होते औंध आणि राजा होते भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

शाळेच्या पुस्तकात औंधला सहसा जागा मिळत नाही. मिळाली तरी ती सूर्यनमस्कार घालणाऱ्या हौशी राजाची गोष्ट म्हणून. औंधमध्ये जे घडले ते मात्र हौशीच्या पलीकडचे होते. वरून दिलेली सत्ता खाली झिरपते का, आणि झिरपलीच तर नेमकी कोणापर्यंत, हा प्रश्न या गावाने नऊ वर्षे प्रत्यक्ष जगून पाहिला. त्याचे उत्तर सरळ आले नाही. ते समजून घ्यायचे तर आधी डोंगर चढावा लागतो.

औंध आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे. मुलूख कमी पावसाचा आणि ज्वारी-बाजरीचा. गावाला लागून डोंगर, डोंगरावर तटबंदीच्या आत यमाईचे मूळपीठ आणि आत काळ्या पाषाणातील देवीची बैठी मूर्ती. खाली गावात राजवाड्याला खेटून यमाईचेच दुसरे देऊळ, आणि त्याच्यापुढे मान वर करून पाहावी लागेल अशी दीपमाळ. औंधासुराचा वध देवीने येथेच केला आणि त्यावरून गावाला नाव पडले, असे स्थानमाहात्म्य सांगते. ‘यमाई’ या नावाची लोकांनी लावलेली फोड अधिक गोड आहे : जोतिबाने देवीला ‘ये माई’ अशी हाक मारली आणि तेच तिचे नाव झाले. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर चैत्रात जोतिबाची पालखी यमाईच्या भेटीला जाते, त्यामागे हेच नाते आहे. पौषात औंधला यात्रा भरते तेव्हा माणदेशापासून कोल्हापूरपर्यंतचा कुणबी, धनगर, बलुतेदार तेथे येतो. म्हणजे पंतप्रतिनिधींची कुलदेवता ही केवळ त्या ब्राह्मण घराण्याची देवता नव्हती. राजाच्या देवघरात जी देवी होती तीच रानातल्या मेंढक्याचीही होती. औंधच्या सत्तेचे बळ या सामायिक देवतेत होते, हे पुढच्या साऱ्या कथेत ध्यानात ठेवावे लागते.

‘प्रतिनिधी’ हे पद मात्र डोंगरावर जन्मले नाही. ते जन्मले जिंजीच्या किल्ल्यात. संभाजी महाराजांच्या वधानंतर राजाराम महाराज दक्षिणेत जिंजीला गेले. राजा दूर, राज्य मोगलांच्या टाचेखाली, अशा स्थितीत राजाच्या नावाने निर्णय घेणारा अधिकारी हवा होता. म्हणून अष्टप्रधानांच्या वरचे हे नवे पद निघाले आणि प्रल्हाद निराजी त्याचे पहिले मानकरी झाले. त्यांच्यामागून काही वर्षांनी ते पद किन्हईच्या कुलकर्णी घराण्यातील परशुराम त्रिंबक यांच्याकडे आले. लेखणीच्या घराण्यातला हा माणूस गड लढवणारा निघाला. पन्हाळ्यासारखे किल्ले मोगलांकडून परत घेण्याच्या कामात त्याचा मोठा वाटा होता.

१७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा परशुरामपंत ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंना मिळाले, पंत मात्र सातारचा किल्ला धरून बसले. तो किल्ला पडला तो तोफांनी नव्हे. वाईला असलेली शेख मिरा या अंमलदाराची बायकामुले शाहूंनी ताब्यात घेतली आणि शेख मिराने पंतांनाच कैद करून दरवाजे उघडले. पुढे शाहूंनी पंतांची सुटका केली आणि पद परत दिले. ताराबाईंच्या पक्षासाठी तुरुंग भोगलेला माणूस शाहूंचा प्रतिनिधी झाला, आणि त्यांचाच एक मुलगा कृष्णाजी कोल्हापूरकडे राहून विशाळगडच्या प्रतिनिधी घराण्याचा मूळ पुरुष ठरला. एकाच घरात सातारा आणि कोल्हापूर, दोन्ही गाद्यांची निष्ठा नांदली.

परशुरामपंतांचे दुसरे चिरंजीव श्रीपतराव यांचे नाव इतिहासप्रेमी तरुणांना ठाऊक असते ते पहिल्या बाजीरावांचे विरोधक म्हणून. दरबारात बाजीरावांनी उत्तरेच्या स्वारीचा आग्रह धरला आणि श्रीपतरावांनी आधी दक्षिण सावरण्याचा सल्ला दिला, तो प्रसंग नाटकांनी आणि मालिकांनी इतका रंगवला आहे की श्रीपतराव म्हणजे भित्रा म्हातारा अशी समजूत होऊन बसली. १७३३ मध्ये रायगड पुन्हा मराठ्यांच्या हाती आणला तो याच श्रीपतरावांच्या लोकांनी, हे त्या रंगात वाहून जाते. पेशव्यांचा उत्कर्ष झाला तसे प्रतिनिधिपद मानाचे राहिले आणि अधिकाराने पोकळ होत गेले.

या घराण्याच्या पडत्या काळातला सर्वांत ठसठशीत माणूस मात्र गादीवरचा नव्हता, आणि पुरुषही नव्हता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी परशुराम श्रीनिवास हे प्रतिनिधी पेशव्यांशी बिनसल्यामुळे मसूरला नजरकैदेत होते. त्यांना सोडवले त्यांच्या सोबतिणीने, ताई तेलिणीने. १८०६ मध्ये बापू गोखल्यांनी लढाईत पंतांना पकडले. त्या झुंजीत त्यांचा हात गेला आणि ‘थोटे पंत’ हे नाव कायमचे चिकटले. पंत कैदेत गेले तरी ताई तेलीण वासोट्याच्या किल्ल्यात आठ महिने लढत राहिली. किल्ल्यातले धान्याचे कोठार जळाले तेव्हाच तिचा नाइलाज झाला. दरबारी कागदांत ती रखेली आहे आणि लोकांच्या तोंडी नायिका. दोन्ही नोंदी एकाच बाईच्या आहेत.

पेशवाई बुडाल्यावर १८२० मध्ये इंग्रजांनी याच थोट्या पंतांशी करार केला. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले आणि औंध सरळ इंग्रजांच्या देखरेखीखाली आले. उरला तो सुमारे पाचशे चौरस मैलांचा मुलूख. त्यात बहात्तर गावे आणि तीही सलग नाहीत : औंध एकीकडे, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णेच्या खोऱ्यात, आणि गुणदाळ थेट विजापूरच्या बाजूला कानडी मुलखात. नकाशावर पाहिले तर कोणी मूठभर धान्य फेकावे तसे हे संस्थान विखुरलेले दिसते.

१९०९ मध्ये आधीच्या राजाला इंग्रजांनी पदच्युत केले आणि त्याचे चुलते भवानराव गादीवर आले. त्यांना एका साच्यात बसवणे अवघड आहे. ते चित्रे काढीत, कीर्तन करीत, रोज सूर्यनमस्कार घालीत आणि संस्थानातल्या शाळांतील मुलांनाही घालायला लावीत. आज जगभर योगवर्गांत जे सूर्यनमस्कार शिकवले जातात त्यांच्या प्रसारात औंधच्या या राजाच्या पुस्तकांचा वाटा मोठा आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी १९१८ मध्ये एक लाख रुपयांचे अभिवचन दिले. वेदाभ्यासक पंडित सातवळेकर तीस वर्षे औंधला राहिले आणि तेथूनच त्यांचे स्वाध्याय मंडळ चालले. १९३५ च्या इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही भवानरावच होते.

देवळाशी आणि कारखान्याशी एकाच वेळी जोडलेली गोष्ट येथे सांगायलाच हवी. यमाईच्या देवळाच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्याकडे होते. १९१० च्या सुमारास बेळगावात नगरपालिकेने त्यांच्या कारखान्याची जागा काढून घेतली. भवानरावांनी त्यांना कर्ज दिले आणि कुंडल रोड स्थानकाजवळची निवडुंगाने भरलेली माळरानाची जमीन दिली. तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले. संस्थानच्याच हद्दीत पुढे ओगल्यांचा काचकारखानाही निघाला. खालसा मुलखात ज्यांना जागा मिळत नव्हती त्यांना औंध जागा देत होते.

भवानराव भले होते, परंतु ते राजे होते, आणि भल्या राजाची सत्ता ही सत्ताच असते. ती सोडण्याची कल्पना आली एका विलक्षण जोडगोळीकडून. पहिले, त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत. ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर होऊन परतलेले. दुसरे, मॉरिस फ्रिडमन. वॉर्सात जन्मलेले पोलिश ज्यू अभियंता, म्हैसूर संस्थानात नोकरीला आलेले आणि येथेच भगवी वस्त्रे धारण करून ‘भारतानंद’ झालेले. (निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे पुढे इंग्रजीत आणून जगापुढे ठेवणारे फ्रिडमन ते हेच.) दोघे सेवाग्रामला गेले आणि औंधच्या घटनेचा आराखडा गांधीजींच्या देखरेखीखाली तयार झाला. २१ जानेवारी १९३९ रोजी ती घटना अमलात आली.

तिची रचना उलट्या पिरॅमिडला पुन्हा सुलटे करावे तशी होती. प्रत्येक गावाने पाच जणांची पंचायत निवडायची. पंचायतींच्या अध्यक्षांचे मिळून तालुका मंडळ व्हायचे आणि तालुका मंडळांनी मध्यवर्ती कायदेमंडळावर प्रतिनिधी पाठवायचे. महसुलाचा मोठा हिस्सा गावाकडेच राहायचा. शाळा, रस्ते, पाणी आणि किरकोळ तंटे गावानेच पाहायचे. राजा उरला तो पहिला सेवक म्हणून, आणि चूक दिसल्यास टोकणारा विवेक म्हणून. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३५ च्या कायद्याने प्रांतांना मंत्रिमंडळे दिली होती, गावाच्या हाती मात्र फारसे काही दिले नव्हते. औंधने गावापासून सुरुवात केली.

या घटनेत एक कलम असे होते की जे आजच्या वाचकाला खटकल्याशिवाय राहत नाही. मताधिकाराला साक्षरतेची अट होती, आणि तिच्यामागे खुद्द गांधीजींचा आग्रह होता. त्यामागचा विचार असा की अट असेल तर माणसे शिकतील आणि राज्यकर्त्यांनाही शिकवणे भाग पडेल. बहात्तर गावे शिकवणे काही अशक्य नाही. कागदावर हे तर्कशुद्ध दिसते. परंतु औंधच्या माणदेशी भागात साक्षरतेचा अर्थ काय होता हे पाहायचे असेल तर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचावी. तिच्यातला कोवळा मास्तर याच संस्थानच्या नोकरीत आहे. तो धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, तर पोरे मेंढरांमागे गेलेली असतात आणि शाळा ओस. हळूहळू शाळा भरते, गाव राबून तालीम बांधते, तिच्या समारंभाला राजा येतो. आणि मग दुष्काळ पडतो आणि वाडीच उठून जाते. कादंबरी हा पुरावा नव्हे, हे मान्य. तरी तिच्यातून एक गोष्ट कळते : ज्याचे पोट पावसावर आहे त्याला अक्षरे शिकायला सलग दोन वर्षे एका जागी राहणेही परवडत नाही. साक्षरतेच्या अटीने कोण बाहेर राहिले? मेंढका, शेतमजूर, महारवाड्यातला माणूस आणि या सगळ्यांच्या बायका. कोण आत आले? ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वही-दौत होती तो. घटना लिहिणाऱ्यांचा हेतू हा नव्हता. परंतु पहिल्या दिवशी परिणाम याच दिशेने जाणार हे उघड होते. त्याच आटपाडीच्या महारवाड्यातून शिकून बाहेर पडलेले शंकरराव खरात पुढे मराठीतले मान्यवर लेखक झाले. त्यांचे ‘तराळ अंतराळ’ हे आत्मचरित्र ‘बनगरवाडी’च्या शेजारी ठेवून वाचले म्हणजे एकाच मुलखाची दुसरी बाजू दिसते.

ही मर्यादा मान्य करूनही प्रयोगाचे धाडस कमी होत नाही. त्यातले सर्वांत मोठे धाडस आटपाडीजवळच्या माळावर झाले. फ्रिडमन यांच्या कल्पनेतून तेथे कैद्यांची वसाहत निघाली. तिला भिंती नव्हत्या आणि बेड्याही नव्हत्या. खुनाची शिक्षा भोगणारे लोक बायकामुलांसह राहून शेती करू लागले. तिचे नाव ठेवले ‘स्वतंत्रपूर’. याच मुलखात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी पुढे त्यावर कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. चित्रपट सर्वांना माहीत असतो. त्यातला माळ औंध संस्थानातला आहे हे फार थोड्यांना.

१९४२ नंतर औंधच्या विखुरलेल्या हद्दीला वेगळाच अर्थ आला. सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, आणि त्याच्या तुफान सेनेचे मोठे केंद्र होते कुंडल, जी. डी. बापू लाड यांचे गाव, आणि औंध संस्थानातले गाव. ब्रिटिश पोलिसांना संस्थानी हद्दीत मोकळा हात नव्हता. नकाशावरचे जे तुकडे कारभाऱ्यांना डोकेदुखी वाटत, ते भूमिगतांना आसऱ्याचे ठरले. येथे एक फरक नजरेआड करू नये. औंधच्या पंचायती राजाने दिलेल्या होत्या. प्रतिसरकारची न्यायमंडळे लोकांनी स्वतः उभारलेली होती. दोन्ही गावातच न्याय करू पाहत होती, कित्येकदा त्याच गावात. पण एकीकडे सही राजाची होती आणि दुसरीकडे बळ पाटलांच्या, कुळांच्या, तरुण पोरांच्या हातात होते. पुढची दिशा कोणती असणार हे कुंडलच्या लोकांना औंधच्या राजवाड्याआधी कळले असावे.

स्वातंत्र्य आले. दक्षिणेतल्या लहान संस्थानांचा एक संघ करण्याचा प्रयत्न झाला, त्यात आप्पासाहेब पंत पुढे होते. तो संघ नीट उभा राहण्यापूर्वीच ३० जानेवारी १९४८ ची संध्याकाळ आली.

मारेकरी पुण्याचा ब्राह्मण होता, हे कळताच पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांना आगी लागल्या. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात जाळपोळ सर्वांत तीव्र होती, आणि औंध संस्थानची गावे याच पट्ट्यात होती. किर्लोस्करवाडीचा कारखाना जळाला. गावोगावचे कुलकर्ण्यांचे वाडे जळाले आणि त्यांच्याबरोबर कर्जाची आणि जमिनीची कागदपत्रेही. माडगूळकरांच्या गावी त्यांचे घरही वाचले नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी त्याच दिवसांची आहे. ज्या मुलखाची घटना गांधीजींनी घडवली, तोच मुलूख त्यांच्या नावाने जळत होता.

याचा अर्थ लावताना दोन सोपे मार्ग मोह घालतात. एक म्हणतो, गुंडांनी केले, प्रयोगाचा काय संबंध. दुसरा म्हणतो, प्रयोग हे सारे ढोंगच होते. दोन्ही अपुरे आहेत. निरपराध माणसांची घरे जाळणे हे कृत्य कोणत्याही जुन्या अन्यायाने शुद्ध होत नाही. ज्यांची घरे गेली त्यांतले बहुतेक सावकार नव्हतेच. मास्तर, कारकून, भिक्षुक होते. आणि तरीही आग कागदपत्रांकडे वळली, हेही खरे आहे. औंधच्या घटनेने गावाला पंचायत दिली, पण जमीन कोणाच्या नावावर आहे आणि कर्ज कोणाच्या वहीत आहे या प्रश्नांना तिने हात घातला नव्हता. वहीची मालकी आणि मताची अट, दोन्ही एकाच अक्षराशी बांधलेल्या होत्या. ज्याला ते अक्षर कधी मिळाले नाही त्याने राजाच्या भलेपणाला नमस्कार केला, यात्रेत त्याच देवीपुढे तो उभाही राहिला. पण पंचायत आपली आहे असे त्याला वाटले होते का, हा प्रश्न उरतोच.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले. आप्पासाहेब पंत त्याच वर्षी भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले आणि पुढची अनेक वर्षे परराष्ट्रसेवेत राहिले. सातवळेकरांनी आपले मंडळ गुजरातेत पारडीला हलवले. भवानराव एप्रिल १९५१ मध्ये वारले. डोंगराच्या वाटेवर त्यांनी १९३८ मध्येच उभारलेले भवानी संग्रहालय राहिले. त्यात रविवर्म्याची चित्रे आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे मायलेकराचे एक शिल्पही आहे. यात्रेला आलेली माणसे देवीचे दर्शन घेऊन उतरताना तेही पाहून जातात. स्वतंत्रपूरची वसाहत मुंबई राज्याकडे आली आणि चालू राहिली.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत औंध, आटपाडी आणि कुंडलच्या लोकांनी पुन्हा मत दिले. या वेळी साक्षरतेची अट नव्हती. मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवलेली होती आणि पेटीवर नाव वाचता न येणाऱ्यासाठी चित्र चिकटवलेले होते.